काजा-बटणांचा पिक्चर

माझ्या ताईकडे एकोणीस पिक्चर होते आणि त्यातला एकही तिने पाहिलेला नव्हता. चेष्टा करत नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षं ते पिक्चर आमच्या पुढच्या खोलीत आळीपाळीने लागत होते, कुठला शंभरदा, कुठला दोनशेदा, आणि दर वेळी ताई त्याच खोलीत बसलेली असायची. पण ती पडली कपडे शिवणारी. उजेड हवा म्हणून मशीन खिडकीला लावलेलं, तिचं तोंड खिडकीकडे आणि टीव्ही पाठीमागे कपाटावर. तिने ते सगळे पिक्चर ऐकले. बघायचं काम माझ्याकडे होतं.

मी वीज कंपनीत मीटर वाचायचो. नोकरी सुटून चार वर्षं झाली तरी गल्लीत मला अजून ‘मीटर’च म्हणतात. सकाळी सहाला निघायचं, दीडशे घरांचे जिने चढायचे, उतरायचे, कुत्र्यांना चुकवायचं, कोणाच्या जिन्याखाली तर कोणाच्या न्हाणीघरामागे वाकून आकडा टिपायचा आणि दोनच्या सुमाराला घरी येऊन पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडायचे. बादली टीव्हीसमोर. इतका दमलेला असायचो की समोर नुसती भिंत असती तर मी भिंत बघत बसलो असतो. लग्न माझं राहूनच गेलं. कधी राहिलं, हे आता आठवून सांगायचंही जिवावर येतं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं, त्यामुळे मी तिला अजून वचकून असतो. तिचं लग्न झालं आणि सातव्या महिन्यात नवरा लांबच्या बंदरात कामाला गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. ताई एक ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन माझ्याकडे आली. ‘तो येईपर्यंत’ असं म्हणाली होती. मी मशीनसाठी खिडकीपासली जागा रिकामी करून दिली.

टीव्ही तिनेच घेतला. दिवसभर मशीनचीच घरघर ऐकून डोकं उठतं, म्हणाली. मग कॅसेटी जमत गेल्या. पिक्चरची खरी नावं आमच्या घरात कोणी घेतली नाहीत. ताईने प्रत्येक कॅसेटवर कापडाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर कामाचं नाव. एक ‘पडद्यांचा’. तीन तासांचा, कोर्टकचेरीचा, सगळे सारखे बोलत असतात. पडद्याच्या लांबच लांब सरळ शिवणीला तो बरा. एक ‘गणवेशाचा’. त्यात नुसती हाणामारी, मशीन जोरात चालू असलं तरी ऐकू येणारी. शाळा उघडायच्या आधी दिवसातून दोनदा लागायचा. एक ‘फ्रॉकचा’, गाण्यांचा. गिऱ्हाइकाने विचारलं, कितीसा वेळ लागेल, की ताई सांगायची, अर्धा पिक्चर. गिऱ्हाईक बिचारं माझ्या तोंडाकडे बघायचं. पुढे कॅसेटी घासून गेल्या तेव्हा फोटो स्टुडिओवाल्याकडून त्यांच्या डिस्का करून घेतल्या, आणि पट्ट्या सोडवून नव्या डब्यांवर चिकटवल्या.

पिक्चर पुन्हा पुन्हा लावण्याजोगा आहे की नाही, याचं तिच्याकडे एकच माप होतं. ज्यासाठी मान वळवावी लागत नाही तो चांगला. मी हौसेने आणलेले कितीतरी पिक्चर तिने दुसऱ्या दिवशी परत करायला लावले. यात नुसतेच बघत बसतात रे एकमेकांकडे, म्हणायची, त्याचा मला काय उपयोग. मधेच कुठे बोलणं थांबलं की ती हात न थांबवता विचारायची, काय झालं आता? मी सांगायचो. तो दाराआड लपलाय. तिने चिठ्ठी फाडली. कधी डुलकी लागलेली असली तर ठोकून द्यायचो, आणि बहुतेक वेळा पकडला जायचो. तिच्या कानांबद्दल सांगितलं तर लोकांना थापा वाटतील. जिन्यावर कोण येतंय ते ती पावलांवरून सांगायची, आणि माझ्या बुटांच्या टाचा झिजल्यात हे मला तिच्याकडून कळायचं. ‘पडद्यांच्या’ पिक्चरमधला लंगडा खुनी तिने पाठमोरी बसून माझ्या आधी ओळखला होता. मी समोर डोळे फाडून बसलेलो, आणि मला पत्ता नाही.

या सगळ्यात एकच पिक्चर तिच्या मापात न बसणारा होता. तो ‘काजा-बटणांचा’.

काजं करायची, बटणं लावायची तर मशीन बंद असतं. खोली शांत असते. त्या कामाला हा पिक्चर. मी तो दुकानातून आणला तेव्हा आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर मी तो त्या आठवड्यात तरी आणला नसता. गोष्ट एवढीच की एक बाई रोज संध्याकाळी घराला कुलूप लावून बस थांब्यावर जाते आणि नवऱ्याची वाट बघते. अख्खा पिक्चरभर हेच. बोलणं कमी, वारा आणि पाखरंच जास्त.

आणि तो आठवडा असा होता की आदल्याच दिवशी ताईच्या नवऱ्याचा मामेभाऊ घरी येऊन गेला होता. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला आणि खाली बघत म्हणाला की त्याने तिकडे संसार मांडलाय, मूलसुद्धा आहे, तुम्ही आता वाट बघू नका. पत्रं थांबून तेव्हा आठ वर्षं झाली होती. ताईने त्याला जिन्यापर्यंत पोचवलं, परत येऊन मशीनवर बसली आणि खालच्या बेकरीवाल्याचे चार शर्ट शिवून काढले. रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी तरी दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या शर्टांची काजं करत होती आणि मी हा पिक्चर लावून बसलो. शेवटची पाच मिनिटं त्यात कोणी बोलतच नाही. संध्याकाळ होते, बस येते, थांबते. दार उघडतं. कोणी उतरत नाही. बस निघून जाते. बाई थोडा वेळ उभी राहते आणि खडीच्या रस्त्याने एकटी घराकडे चालायला लागते. संपला पिक्चर. मी बादलीत पाय घालून ते बघतोय, आणि पाठमोरी ताई विचारते, “काय झालं रे? आला का तो?”

मीटर वाचणाऱ्यांची एक रीत असते. घराला कुलूप असलं, आत जाता आलं नाही, तर मागचा आकडा बघून अंदाजे एक आकडा टाकायचा. कोणाचं काही बिघडत नाही, पुढच्या महिन्यात दार उघडलं की खरा आकडा मिळतो. मी त्या दुपारी तेच केलं. म्हटलं, “आला. उतरला.” ताईची सुई थांबली. मग मला आणखी सांगावं लागलं. केस पिकलेत त्याचे, म्हटलं. ती काही बोलत नाहीये. त्याच्या हातात पिशवी आहे, तिने पिशवीचा एक बंद धरलाय, एक त्याने, आणि दोघं चाललेत घराकडे. मग तिने ते काज पुरं केलं.

मला वाटलं, एका दुपारचा प्रश्न आहे. कसलं काय. दुसऱ्याच दिवशी मी ती कॅसेट परत द्यायला निघालो तर म्हणाली, राहू दे, विकत घे ती. आणि मग महिन्याला दोनदा-तीनदा तो पिक्चर, आणि शेवटी तोच प्रश्न, अगदी त्याच शब्दांत. अंदाजे आकड्याची अडचण ही की पुढचा आकडा त्याला जुळवून टाकावा लागतो. एकदा मी कंटाळून पिशवीऐवजी पेटी म्हणालो तर ताई म्हणाली, पेटी कुठली, मागच्या वेळी पिशवी होती. मी म्हटलं, हो हो, पिशवीच, चष्मा नाही लावलेला. तेव्हापासून पिशवी पक्की झाली. सव्वीस वर्षं मी त्या माणसाला बसमधून उतरवत राहिलो. कधी पाय इतके ठणकत असायचे की माझ्याच्याने बोलवत नसे, तरी त्याला उतरवायचो.

गेल्या वर्षी ताईच्या डोळ्यांचं काम निघालं. सुईचं नेढं दिसेना, शिवण तिरकी जायला लागली. डॉक्टरने तपासलं आणि म्हणाला, डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय, आता जवळचं काम बंद, सुई-दोऱ्याचं तर नावच काढू नका. लांबचं बघा. ताईने विचारलं, लांबचं म्हणजे काय बघू? बाहेर रांग लागलेली, डॉक्टर घाईत. म्हणाला, टीव्ही बघा की मजेत.

घरी आल्या आल्या ताईने मशीनवर चादर घातली, चारी कोपरे नीट खोचले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिने आपली खुर्ची टीव्हीकडे फिरवली. सव्वीस वर्षांत त्या खुर्चीचं तोंड मी इकडे पाहिलं नव्हतं. एकोणीस आहेत, म्हणाली, रोज एक, आता बघूनच टाकते.

मी मनात मोजलं. तिने डबे लावले त्या क्रमाने ‘काजा-बटणांचा’ सर्वांत शेवटी होता, म्हणजे माझ्याकडे अठरा दुपारी होत्या.

पहिल्यांदा ‘पडद्यांचा’ लागला. त्यातला वकील, ज्याचा आवाज ऐकून बेकरीवालासुद्धा जिन्यात थबकायचा, तो निघाला किडकिडीत, कॉलरमधे मान हलणारा. ताई म्हणाली, एवढासा? मग लखपती म्हणून जो कोणी होता त्याचा कोट बघून तिने कपाळाला हात लावला. हा श्रीमंत? खांदा बघ, केवढा उतरलाय. मी हसलो. पहिले तीन-चार दिवस आम्ही दोघं हसत होतो, खोटं कशाला बोलू.

मग ‘फ्रॉकचा’ लागला. त्या पिक्चरमधल्या मुलीचा फ्रॉक कसा असेल ते ताईने तिच्या चालीवरून, बोलण्यावरून मनात ठरवलं होतं. गोल कॉलर, बाहीला बारीक चुणी. गल्लीतल्या निम्म्या पोरींना तिने तो फ्रॉक शिवून दिला होता, पिक्चरमधला आहे असं सांगून. आणि ती मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत पँट घालून हिंडते. तुला कधी सांगावंसं नाही वाटलं, ताईने विचारलं. मी म्हटलं, तू कधी विचारलंच नाहीस कपड्यांचं. ती हसली नाही. डिस्क काढली आणि खणात न ठेवता रद्दीच्या पिशवीत टाकली.

त्यानंतर तेच चाललं. एक पिक्चर बघायचा, डोळे चोळायचे, डिस्क रद्दीच्या पिशवीत. खण रिकामा होत चालला आणि ताईचं बोलणंही कमी होत चाललं. नवव्या की दहाव्या दिवशी म्हणाली, “बघून फार दमायला होतं रे, बाबू. माझे होते ते बरे होते.” मला तिची फार कीव आली. आणि स्वतःची भीती वाटली, कारण बाकीचे पिक्चर कोणा दिग्दर्शकाने बिघडवलेले होते, शेवटचा मी बिघडवून ठेवला होता.

रोज ठरवायचो की आज सांगून टाकू. भाजी निवडताना वाक्य जुळवायचो. ताई, एक सांगायचं होतं. एवढ्यावरच गाडी अडायची. मी काही शूर माणूस नाही. कुत्रं भुंकलं तर अंदाजे आकडा टाकून परत फिरणाऱ्यातला मी. चौदाव्या दिवशी मी दुसरा उपाय केला. ताई आंघोळीला गेली तेव्हा ‘काजा-बटणां’ची डिस्क काढली आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे लपवली. ताई बाहेर आली, केस पुसत म्हणाली, पिठाचा डबा का सरकवलास, मागे काय ठेवलंयस? पाणी चालू होतं, दार बंद होतं. या बाईच्या कानांपुढे हात टेकले. तिने आत जाऊन डिस्क काढली, पुसली, खणात ठेवली. का लपवलीस म्हणून विचारलं नाही. मला ते जास्त लागलं.

शेवटच्या दिवशी खणात ती एकच होती. ताईने तोंड धुतलं, केस विंचरले, खुर्चीवर येऊन बसली. मी लावला पिक्चर.

ती बाई पडद्यावर आली तेव्हा ताई किंचित पुढे झुकली. अशीच होती, म्हणाली. अगदी अशीच. तेवढा एकच मुखडा तिच्या मनातल्यासारखा निघाला आणि मला ते बघून आणखी वाईट वाटलं. दीड तास ती हलली नाही. कपडेही तिला पटले. बाईच्या बाहीला ठिगळ होतं, ते हाताने लावलंय, चांगलं लावलंय, एवढं म्हणाली. मी काय बघत होतो देव जाणे. मला ते सगळं पाठ होतं, आणि प्रत्येक दृश्यागणिक मी मागे मोजत होतो, आता वीस मिनिटं, आता बारा. बाईने शेवटचं कुलूप लावलं आणि ती थांब्याकडे निघाली.

आणि ताई उठली. खुर्ची उचलून तिने खिडकीकडे फिरवली, मशीनवरच्या चादरीसमोर, जिथे ती इतकी वर्षं होती. खुंटीवरचा माझा शर्ट घेतला. त्याचं वरून दुसरं बटण महिनाभर तुटलेलं होतं. खणातून चाचपून बटण काढलं, सुई काढली, दोरा काढला आणि हात माझ्याकडे केला. ओवून दे, म्हणाली.

डॉक्टरने काय सांगितलंय, असं काहीतरी मी बोलायला गेलो, पण तिने नुसतं ‘दे’ म्हटलं. तिसऱ्या वेळी दोरा गेला. ती पाठमोरी बसली, अंगठ्याने भोकं शोधत बटण लावायला लागली. टीव्हीवर वारा सुटला होता. बस आली, थांबली.

“काय झालं रे?” ताईने विचारलं. “आला का तो?”

माझं वाक्य तयार होतं. जिभेवर बसलेलं वाक्य, विचारही करावा लागत नाही. पण मी थकलो होतो. जिने चढून येतो तो थकवा नाही, त्या माणसाला उतरवून उतरवून आलेला. आणि ही बाई अठरा दिवस एकेक खरं बघून दमली होती, आता तिच्याशी आणखी खोटं कसं बोलू?

“नाही, ताई,” मी म्हणालो. “कोणी उतरलं नाही. बस गेली. ती एकटीच निघालीय घरी. कधीच येत नव्हता तो. मीच खोटं सांगायचो.”

मला तिच्याकडे बघवेना आणि टीव्हीकडेही बघवेना, म्हणून मी डोळे मिटले, आणि तो शेवट आयुष्यात पहिल्यांदा नुसता ऐकला. खडीवर पावलं वाजत होती. स्पष्ट, एकामागून एक. एकाच माणसाची. बरोबर दुसरं कोणी चालत असतं तर ते कोणालाही कळलं असतं, आणि इथे तर माझ्या झिजलेल्या टाचा तळमजल्यावरून ओळखणारी बाई बसली होती. सव्वीस वर्षं.

पावलं थांबली. ताईने दोन टाके आणखी घातले, दोरा दाताने तोडला आणि शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. बटण थोडं तिरकं लागलं होतं. मग ती उठली, डिस्क काढली, डब्यात घातली. रद्दीची पिशवी तिथेच पायाशी होती. तिने खण उघडला आणि डबा आत ठेवला.

“दमलास वाटतं आज,” ती म्हणाली. “राहू दे. उद्या परत लावू. पिशवी तेवढी विसरू नकोस.”